सल्ला देणाऱ्याने आधी पंचांग उघडावं

पारोळा असो, शहादा असो की रावेर, तालुक्याच्या गावातल्या दुकानदाराला धंद्याचं विचारलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "गिऱ्हाईकच नाही, भाऊ." हे खोटं नसतं, पण मोजलेलंही नसतं. न मोजलेल्या तक्रारीवरचा सल्ला बहुतेक वेळा फर्निचरवर जाऊन थांबतो. नवा काउंटर, काचेचं दार, बाहेर एलईडीचा बोर्ड. चार-पाच लाख भिंतीला लागतात, माल भरायला पैसा उरत नाही आणि दोन वर्षांनी तेच वाक्य पुन्हा कानावर येतं.

लहान दुकानांना आणि पाहण्याजोग्या ठिकाणांना सल्ला देण्याचं काम आता बरेच जण करतात. त्यांच्या हातातले तक्ते बहुधा मोठ्या शहरात तयार झालेले असतात. त्यात एक रकाना हमखास असतो: मागच्या वर्षीचा हाच महिना. खान्देशात हा रकाना फसवतो. धनत्रयोदशी 2023 मध्ये 10 नोव्हेंबरला होती, 2024 मध्ये 29 ऑक्टोबरला आणि 2025 मध्ये 18 ऑक्टोबरला. म्हणजे 2024 च्या ऑक्टोबरची विक्री 2023 च्या ऑक्टोबरशी ताडून कोणी दुकानदाराची पाठ थोपटली, तर त्याने दिवाळीचीच पाठ थोपटली. आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचंही तसंच. 2024 मध्ये ती 10 मेला आली, 2025 मध्ये 30 एप्रिलला. आखाजीला लेकी माहेरी येतात, वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या सालदाराचं साल बदलतं, घरात नवं कापड येतं. मे महिना मे महिन्याशी लावून पाहिला तर 2025 मध्ये चांगलं चाललेलं कापड दुकानही खाली आल्यासारखं दिसतं.

म्हणून रोजमेळात, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, तारखेशेजारी तिथीचा एक बारीक रकाना असावा. तुलना करायची ती आखाजीआधीच्या वीस दिवसांची आखाजीआधीच्या वीस दिवसांशी, आणि श्रावणात कानबाई देवीच्या सणाच्या आठवड्याची कानबाईच्या आठवड्याशी. अधिक महिना आला की सगळंच सरकतं. 2026 चा अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून असा, ऐन लग्नसराईत. या चार आठवड्यांत लग्नं होत नाहीत, त्यामुळे बस्त्याचा माल भरून बसणाऱ्याचे पैसे अडकतात. पण हाच धोंड्याचा महिना. जावयाचं वाण, तेहतीस अनारसे, तांब्याचं ताट, चांदीचा दिवा, निरांजन, सासू-सासऱ्यांकडून कपडे. ज्याने सोनगीरच्या तांब्या-पितळेच्या कारागिरांकडे दोन महिने आधी मागणी नोंदवली, त्या भांड्यांच्या दुकानाला हा महिना दिवाळीसारखा जाऊ शकतो. हे कुठल्याही आयत्या तक्त्यात सापडत नाही. पंचांगात सापडतं.

आता मोजणी. यंत्र लागत नाही, कागद आणि पेन पुरे. गल्ल्यावर न बसणारा एक माणूस दाराशी बसवायचा आणि तासाप्रमाणे रेघा मारायच्या, चार उभ्या आणि पाचवी आडवी. दोन दिवस निवडायचे, एक आठवडे बाजाराचा आणि एक साधा. किराण्यात माणूस मोजावा, पण साड्यांच्या दुकानात घोळका मोजावा, कारण पाच बायका मिळून एक खरेदी करतात. संध्याकाळी बिलं मोजायची. शंभर आले आणि सत्तर बिलं झाली तर गिऱ्हाईक आहे. त्यांच्या पिशवीत आणखी काय जाऊ शकतं, एवढाच प्रश्न उरतो. शंभर आले आणि पंचवीस बिलं झाली तर माल, भाव किंवा दाखवण्याची पद्धत यात काहीतरी अडलंय, आणि बाहेर कितीही मोठा बोर्ड लावला तरी ते सुटणार नाही. रिकाम्या हाताने परतणाऱ्याला "काय हवं होतं?" एवढंच विचारून उत्तर वहीत लिहायचं. आठवडाभरात त्या पानावर तीच तीन-चार नावं पुन्हा पुन्हा दिसू लागतात: अमुक मापाचे ब्लाउजपीस, लहान मुलांचे सुती कपडे, पाच किलोचा तांदूळ. पुढच्या खरेदीची यादी तिथेच तयार होते.

पण खान्देशातल्या दुकानाचं खरं दुखणं बहुतेक वेळा दाराशी नसतं, उधारीच्या वहीत असतं. "कापूस विकला की देतो" हे वाक्य इथल्या अर्ध्या व्यवहाराचा पाया आहे, आणि त्यात काही चूक नाही. जूनमध्ये पेरणी. बियाणं, खत, निंदणी, फवारणी यांत शेतकऱ्याच्या हातचा पैसा संपतो. पहिली वेचणी बहुतेक ऑक्टोबरात. जून ते सप्टेंबर घरचा किराणा उधारीवरच चालतो. अडचण अशी की दुकानदाराला दिवाळीचा माल ऑगस्ट-सप्टेंबरात भरावा लागतो, म्हणजे त्याचे सगळ्यांत जास्त पैसे बाहेर असतात तेव्हाच. मग व्यापाऱ्याकडून महाग उधारीवर माल येतो आणि दिवाळीची कमाई व्याजात जाते. भाव पडलेला असला की शेतकरी कापूस घरातच ठेवतो, विकत नाही. अशा वर्षी दिवाळीला येणारी वसुली आखाजीपर्यंत लांबते.

इथे शहरी सल्लागार सांगतो, उधारी बंद करा. तसं केलं तर पावसाळ्यात दुकान ओस पडतं आणि गिऱ्हाईक कायमचं शेजारच्या दुकानात जातं. उपाय वेगळा आहे. एका वहीच्या दोन वह्या करायच्या: हंगामी आणि पगारदार. कापूसवाल्या घराची दीडशे दिवसांची उधारी बुडीत नसते, ती पिकाच्या चालीने चाललेली असते. पगारदाराची साठ दिवसांची उधारी मात्र धोक्याची खूण आहे, कारण मधे दोन पगार होऊन गेले. एकाच वहीत दोन्ही मिसळले की नजरेला सगळं सारखंच दिसतं आणि तगादा चुकीच्या दारात जातो. हंगामी वहीत प्रत्येक घराची मर्यादा जूनमध्येच ठरवावी, तोंडावर आणि आकड्यात: "आप्पा, यंदा वीस हजारांपर्यंत. पहिल्या वेचणीच्या पैशातून निम्मे, बाकी संक्रांतीपर्यंत." मर्यादा आधी सांगितली की कोणाला राग येत नाही. ऑगस्टमध्ये अचानक हात आखडला की येतो.

उधारीचा खर्च आकड्यात मांडल्याशिवाय तो दुकानदाराला पटत नाही, म्हणून सल्लागाराने तो त्याच्यासमोर त्याच्याच पेनाने मांडावा. पाच लाख बाहेर आहेत असं धरू. वर्षाला बारा टक्क्यांनी त्याचं व्याज साठ हजार, महिन्याला पाच हजार. किराण्यात सरासरी दहा टक्के सुटत असतील, तर हे साठ हजार भरून काढायला सहा लाखांची विक्री जास्तीची करावी लागते. आणि तीन हजारांचं एक बिल बुडालं, तर त्यातला माल 2,700 चा होता. तेवढे परत मिळवायला 27,000 ची नवी विक्री लागते. हा आकडा एकदा डोळ्यांपुढे आला की मर्यादा ठरवण्याचं बळ येतं.

आणखी एक बारीक पण मोलाची गोष्ट. मुदतीच्या कायद्याप्रमाणे उधार मालाच्या पैशांसाठी दावा करायला तीन वर्षं मिळतात. ती संपण्याआधी गिऱ्हाईकाने बाकी मान्य करून सही केली, तर त्या सहीपासून नवी तीन वर्षं मोजली जातात. म्हणून दर दिवाळीला, वहीपूजनाच्या सुमारास, प्रत्येक खात्याखाली बाकीचा आकडा लिहून सही घ्यावी. कोर्टात जायची वेळ क्वचितच येते, पण सहीमुळे आकड्यावरचा वाद मिटतो. उधारीतले बहुतेक वाद पैसे द्यायचे की नाहीत यावर नसतात, किती द्यायचे यावर असतात.

कापड दुकानाची गाठ दुसरीकडे आहे: सुरतेत. खान्देशाला सुरत जवळची, भुसावळहून जळगाव-नंदुरबार मार्गे गाडी थेट जाते, त्यामुळे साडीचा माल बहुतेक तिथूनच येतो. ठोक बाजारात साडी सेटवर मिळते. एकाच डिझाइनचे आठ, दहा, बारा रंग एकत्र घ्यावे लागतात. त्यातले चार-पाच पंधरा दिवसांत जातात आणि उरलेले फिके किंवा भडक रंग कपाटात बसतात. पुढच्या फेरीत नवा सेट, पुन्हा तेच. पाच वर्षांत कपाटं भरलेली दिसतात, मालक म्हणतो "माल खूप आहे", आणि गिऱ्हाईक म्हणतं "काही नवीन नाही". दोघंही खरं बोलत असतात. यावर चांगला चालणारा उपाय म्हणजे सेट वाटून घेणं. पारोळ्याचं एक दुकान आणि शहाद्याचं एक, ज्यांचं गिऱ्हाईक एकमेकांना कधी आडवं येत नाही, त्यांनी एकत्र खरेदी करून रंग वाटून घ्यावेत. तेवढ्याच पैशात दुप्पट डिझाइन दिसतात. हे जमवून देणं हे सल्लागाराचं काम आहे, कारण एकेका दुकानदाराला दुसऱ्या तालुक्यातला आपल्यासारखा माणूस सहसा माहीत नसतो.

प्रत्येक चिठ्ठीवर खरेदीचा महिना गुप्त अक्षरात असावा. महिन्याच्या पहिल्या तारखेला सहा महिन्यांपेक्षा जुना माल बाहेर काढून वेगळ्या फळीवर ठेवायचा. सेल लावताना मात्र जपून. शंभरला आणलेली वस्तू सव्वाशेला विकली तर लोक पंचवीस टक्के सुटले म्हणतात, पण विक्रीवर ते वीसच टक्के आहेत. त्यावर दहा टक्के सूट दिली की वस्तू साडेबारा रुपये खाली येते आणि हातात राहतात साडेबारा. म्हणजे नफा निम्मा झाला, आणि आधीइतकीच कमाई हवी तर दुप्पट नग विकावे लागतील. जुन्या मालाला ही सूट जरूर द्यावी, कारण तिथे अडकलेला पैसा मोकळा होतो. ताज्या मालाला जुन्यासोबत सेलमध्ये बसवलं, की गिऱ्हाईक पुढच्या वर्षी सेल लागेपर्यंत थांबायला शिकतं.

उन्हाबद्दल थोडं. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि दुपारी बारा ते पाच रस्त्यावर कोणी नसतं. तेव्हा दुकान उघडं ठेवून वीज जाळण्यापेक्षा सकाळी लवकर उघडावं आणि रात्री साडेनऊपर्यंत चालू ठेवावं. वेळ पाटीवर लिहावी आणि ती रोज पाळावी. केळी वेफर्स, शेव, चिवडा सुटा विकणाऱ्यांनी कूलरची हवा डब्यांवर येऊ देऊ नये. कूलर ओलसर हवा फेकतो आणि उघड्या डब्यातले वेफर्स दोन तासांत नरम पडतात. दाराला टांगलेल्या पारदर्शक पाकिटांचं वेगळं नुकसान होतं: ऊन आणि उजेडाने तेल खवट होतं. तारीख शिल्लक असते, पण चव गेलेली असते, आणि असं पाकीट घेतलेला प्रवासी पुन्हा येत नाही. आतून चंदेरी थर असलेलं पाकीट घ्यावं, नायट्रोजन भरून मिळालं तर उत्तम, आणि दाराला नमुन्याची रिकामी पाकिटं टांगावीत. फ्लेक्सवरचा लाल रंग उन्हाने सर्वांत आधी उडतो, म्हणून दुकानाचं नाव लाल रंगात नको. अक्षरांची उंची दर दहा फुटांना एक इंच धरावी. समोरच्या फुटपाथवरून, म्हणजे चाळीस फुटांवरून वाचता यायला हवं असेल तर चार इंच.

पाकिटाचा विषय निघालाच आहे तर लेबलाचंही सांगायला हवं. पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत खावं ती तारीख, तयार करणाऱ्याचा पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन, शाकाहाराचं हिरवं चिन्ह आणि अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक. घरगुती बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया, मिरचीचा ठेचा विकणाऱ्या बचत गटांचा माल चवीला उत्तम असतो, आणि एवढ्याच गोष्टी नसल्याने तो स्टेशनजवळच्या चांगल्या दुकानात ठेवून घेतला जात नाही. बिबड्यांना पाकीट चालतच नाही, पिशवीत चुरा होतो. त्यांना बसकं पुठ्ठ्याचं खोकं हवं, बाजूला दोन बोटं जागा न सोडता. आणखी एक सूचना, विशेषतः नवापूरकडच्यांना, जिथलं रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे: जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत, म्हणजे लहान धंद्यांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायच्या योजनेत असाल तर दुकानात आलेल्या सुरतेच्या माणसाला माल विकता येतो, पण सुरतेला पार्सल पाठवता येत नाही. दुसऱ्या राज्यात माल पाठवायचा असेल तर नेहमीची नोंदणी घ्यावी लागते.

आता पाहण्याच्या ठिकाणांकडे. खान्देशात ठिकाणं कमी नाहीत. कमी पडतो तो थांबण्याचा वेळ. माणूस चाळीस मिनिटं थांबला तर पाण्याची बाटली घेतो. दोन तास थांबला तर चहा होतो, जेवण होतं, हातात काहीतरी घेऊन तो निघतो. म्हणून अशा ठिकाणी पहिली मोजणी किती आले याची नको, किती वेळ राहिले याची हवी. येताना गाडीचे शेवटचे चार आकडे आणि वेळ लिहायची, जाताना पुन्हा. एका रविवारी आणि एका साध्या वारी. त्याच वेळी जाणाऱ्यांना, येणाऱ्यांना नव्हे, चार प्रश्न विचारायचे: कुठून आलात, कसं कळलं, पुढे कुठे चाललात, काय मिळालं नाही. शेवटच्या प्रश्नाची उत्तरं बहुतेक सगळीकडे सारखीच येतात: स्वच्छतागृह, सावली, आणि "नेमकं काय पाहायचं ते कोणी सांगितलं नाही".

चाळीसगावचं उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. रेल्वे स्टेशनला लागूनच केकी मूस यांचं कलादालन आहे. 1912 ते 1989 एवढ्या आयुष्याचा मोठा भाग या माणसाने या गावात घालवला आणि टेबलावर मांडलेल्या छोट्या वस्तूंमधून देखावे उभे करून ते छायाचित्रात पकडले. गावाबाहेर डोंगरात पाटणादेवीचं देऊळ. तिथल्या शिलालेखामुळे गणिती भास्कराचार्यांच्या घराण्याचं नाव या जागेशी जोडलं गेलं. त्यांचे नातू चांगदेव यांनी 1207 मध्ये इथे आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला. एक जागा स्टेशनच्या दारात, दुसरी गौताळा अभयारण्याच्या कुशीत, आणि मधे चाळीसगावचा सगळा बाजार. तरीही एकीकडे आलेल्याला दुसरीची खबर नसते. इथे लाखोंचा प्रकल्प लागत नाही. एक पानी नकाशा लागतो, त्यावर दोन्ही ठिकाणांच्या वेळा, रिक्षाचं ठरलेलं भाडं, आणि वाटेतली शेवभाजी, कळण्याची भाकरी मिळणारी तीन-चार खानावळी. तो नकाशा स्टेशनबाहेरच्या चहावाल्याकडे, लॉजच्या काउंटरवर आणि दोन्ही ठिकाणी हवा. खर्च छपाईचा, तोही खानावळींत वाटून घेता येतो.

अशा कामात उत्साहाच्या भरात एक गोष्ट हटकून विसरली जाते. संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आत बांधकामाला बंदी आहे, आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. पाटणादेवीजवळचं पाटण्याचं महादेव मंदिर संरक्षित आहे, आणि भोवती अभयारण्य, म्हणजे वनखात्याचे नियम वेगळे. देवळाशेजारी पक्के गाळे बांधून बचत गटांना देऊ, असा आराखडा घेऊन येणाऱ्या सल्लागाराला हे माहीत नसेल तर गावाचं एक वर्ष अर्जांत जातं. गाळे अलीकडच्या गावात, वाहनतळाला लागून असावेत. माणूस परतताना खरेदी करतो, चढताना नाही.

वाराचं गणितही इथे चालतं. अमळनेरला मंगळग्रह मंदिरात मंगळवारी गर्दी उसळते, म्हणजे तिथल्या दुकानाची आठवड्याची सुट्टी मंगळवारी असू नये आणि माल सोमवारी रात्री भरलेला असावा. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात. जळगावला उतरून साठेक किलोमीटरवरच्या लेण्यांकडे निघालेला माणूस रविवारी रात्री पोचला तर त्याचा सोमवार पूर्ण मोकळा असतो, आणि बहुतेक लॉजमध्ये त्याला सांगितलं जातं, "उद्या बंद आहे." वाक्य तिथेच संपतं. सोमवारी काय उघडं असतं याची फोन करून खात्री केलेली यादी काउंटरवर ठेवली, त्यात चांगदेव गावाजवळचा तापी-पूर्णा संगम, हिवाळ्यात भरिताचं जेवण, सराफ बाजारातली एक संध्याकाळ आली, तर तो माणूस एक रात्र जास्त राहतो. गुगल नकाशावर स्वतःच्या वेळा, सुट्टीचा वार आणि अचूक जागा भरणं फुकट आहे. किल्ल्याची खूण डोंगराच्या नको त्या बाजूला पडलेली असेल तर कोणालाही दुरुस्ती सुचवता येते.

सल्ला कोणाकडून घ्यावा? जो काउंटर विकतो त्याच्याकडून काउंटरबद्दल घेऊ नये, आणि सॉफ्टवेअर विकणाऱ्याकडून हिशेबाबद्दल. खाद्यप्रक्रियेसाठीच्या केंद्राच्या सूक्ष्म उद्योग योजनेत, जिच्यात प्रकल्पाच्या 35 टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त दहा लाख अनुदान ठेवलं आहे, जिल्ह्यासाठी नेमलेली संसाधन व्यक्ती अर्जापासून परवान्यापर्यंत मदत करते आणि तिचं मानधन योजनेतूनच येतं, म्हणून अर्ज भरून देण्याचे वेगळे पैसे कोणी मागितले तर देऊ नयेत. लहान उद्योगांच्या सरकारी उद्यम नोंदणीलाही शुल्क नाही. जिल्हा उद्योग केंद्रात जाताना मात्र दोन वर्षांचा रोजमेळ सोबत असावा. अनुदानासाठी गरज नसलेलं यंत्र घेणं हा सर्वांत महागडा धंदा आहे, कारण बाकीचे 65 टक्के आपलेच असतात.

चांगला सल्लागार पहिल्या भेटीत काही सुचवत नाही. तो दाराशी बसतो. दुसऱ्या भेटीत वह्या पाहतो. तिसऱ्या भेटीत एकच बदल ठरवतो, कारण दिवाळीच्या तोंडावर तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही. काम सुरू करायचं असेल तर आखाजीनंतर, साल बदलल्यावर करावं: मे-जूनमध्ये दोन वह्या आणि मर्यादा, श्रावणात जुना माल बाहेर, भाद्रपदात सेटची वाटणी, दिवाळीला खात्यांवर सह्या, संक्रांतीला हंगामी वहीची बाकी मोजणी. त्यानंतरची भेट पुढच्या आखाजीच्या आठवड्यात, मागच्या आखाजीचा रोजमेळ समोर उघडा ठेवून.